फुटपाथ साफ केला म्हणे

रविवारी दातिवऱ्याला सासूबाईंकडे गेले होते. बोईसरला परत आले ती डोकं तापवूनच... अजून उतरलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी एक पेज फॉलो करते. लंडन, कलकत्ता, मुंबई... मोठ्या शहरांच्या रस्त्यांवरचे तेव्हाचे आणि आताचे फोटो. चहा पिता पिता बघायला बरं वाटतं.

मध्यंतरी त्यावर फोर्टातल्या एका कमानीवाल्या इमारतीचा जुना फोटो आला. खाली पायरीवर सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन दोन तरुण मुली बसलेल्या, कशाला तरी खदखदून हसतायत. एकीला चक्क माझ्या नवऱ्याचं नाक.

सासूबाई लग्नाआधी सुकी मासळी विकायला मुंबईला जायच्या, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी लगेच फोन लावला. सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "माज्या बाजूला हिरी हाय का?"

हिरा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी तापाने गेली. तिचा एकही फोटो कुणाकडे नाही... आणि सासूबाईंना आता तिचा चेहरा नीट आठवत नाही, याचा त्यांना फार त्रास होतो.

म्हणून रविवारी मुद्दाम मुलीचा टॅब घेऊन गेले, मोठं दिसावं म्हणून. सासूबाईंनी हात धुतले, चष्मा पुसला, खुर्ची दारापाशी उजेडात ओढली. मी सेव्ह केलेली पोस्ट उघडली. इमारत होती, कमानी होत्या... पायरी रिकामी.

त्याच पोस्टमधला जुना फोटो काढून नवा टाकला होता. एआयने साफसूफ केलेला. वर लिहिलेलं, 'गर्दी हटवल्यावर वास्तूचं खरं सौंदर्य बघा.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग.

गर्दी? दोन पोरी बसल्या होत्या तिथे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई मात्र दोन बोटांनी ती पायरी मोठी करकरून बघत राहिल्या.

मी तिथूनच ॲडमिनला मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं... ताई, फ्रेम फार भरलेली वाटत होती, जुना फोटो आता माझ्याकडे नाही, आणि अशा बायका तर तेव्हा सगळीकडेच बसायच्या. वर हसरा चेहरा.

मी संतापून काहीबाही टाइप करत होते. सासूबाईंनी टॅब काढून घेतला, मला व्हॉइस मेसेजचं बटण दाबायला लावलं आणि स्वतःच बोलल्या.

"दादा, मुन्शिपाल्टीची गाडी आली का आमी टोपल्या उचलून पळायचो. गाडी गेली का परत येऊन बसायचो. तुमी उटवलं, आता हिरीनं कुटे येऊन बसायचं?"

मेसेज पोचला, उघडला गेला. संध्याकाळपर्यंत त्याने मला ब्लॉक केलेलं होतं.

रस्त्यांचे फोटो दाखवतात म्हणे... अरे, ती इमारत आजही उभी आहे, कुणीही जाऊन बघावी. हिरामावशी कुठे बघायची आम्ही?

तुमच्यापैकी कुणी हे पेज बघत असाल, तो आधीचा फोटो सेव्ह केला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल, तर मला पाठवा. फार उपकार होतील. इमारत कापली गेली असली तरी चालेल.