दीड महिना रिकामी ठेवायची टाकी

सदानं माझी संध्येची पळी साठेक वर्षांपूर्वी नेली आणि आजतागायत परत केली नाही.

आता करणारही नाही. आज पहाटे तो गेला.

हा जाहीर निषेध समजावा. संस्कृतच्या मास्तरानं चहाच्या चमच्यानं आचमन करावं, याला शास्त्राधार नाही.

मालवणात आम्ही एकाच शाळेत. मी संस्कृत शिकवायचो, तो सायन्स.

लॅबच्या खिडकीत त्याची काचेची टाकी होती. समुद्राचं पाणी, आणि किनाऱ्यावरच्या खडपातून, खडकांमधून, स्वतः धरून आणलेले सात पट्टेरी मासे.

दुपारचं ऊन त्या पाण्यातून भिंतीवर यायचं. भिंत हलायची. मी तास विसरायचो.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. रवा भुरभुरल्यासारखे. दोन मासे मेले.

सदा मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना.

"पंडिता, ह्यो किडो दोन घरांचो आसा. आधी माशाच्या अंगार, मगे तळाक वाळूत. थंय पिल्लां होतत, ती परत मासो शोधतत."

"मग उपाय?"

"मासे भायर काढूचे. टाकी दीड महिनो रिकामी, पाणी तसाच. मासो गावलो नाय की पिल्लां उपाशी मरतली."

"म्हणजे चातुर्मास."

"तुका सगळ्यात पंचांगच कित्या दिसता रे?"

पाच मासे बरणीत गेले. सुपारीवर फवारतात ते मोरचूद, अगदी पातळ करून, रोज एक पळी. जास्त पडलं तर मासाच मरायचा. पळी अर्थात माझी.

ठिपके गेले. सदा खूश. मुंबईला संशोधनाला जायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला त्यानं.

टाकीचा महिना भरत आला आणि नारळी पौर्णिमा आली. सदा वालावलला घरी गेला, गोकुळाष्टमीपर्यंत. लॅबची किल्ली माझ्याकडे.

बंदरावर नारळ सोडून झाला. ओळखीच्या जानू होडीवाल्यानं करवंटीत एक जिवंत मासा पुढे केला. बोटाच्या पेराएवढा, निळा.

"मास्तरानू, दर्याचो प्रसाद. नाय म्हणू नकात."

प्रसाद नाकारायचा नसतो. आणि मी मासे खात नाही.

मी तो टाकीत सोडला. एकच तर मासा, तोही सणाचा.

आठ दिवस शाळा सुटल्यावर मी त्या हिरव्या पाण्यासमोर बसायचो. बाहेर पाऊस, आत तो निळा जीव. आपणही पाण्यातच आहोत असं वाटायचं.

सदा यायच्या आदल्या दिवशी त्या माशाला बंदरात सोडून आलो.

दीड महिना भरला. पाच मासे टाकीत परतले.

आठवड्याभरात पुन्हा रवा. एकही वाचला नाही.

माझ्या पाहुण्यानं तळाशी उपाशी असलेल्यांना आठ दिवस जेवू घातलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"माजोच हिशेब चुकलो," सदा म्हणाला. टाकी देऊन टाकली. अर्ज फाडला. रिटायर होईपर्यंत त्याच शाळेत राहिला.

मी काही बोललो नाही. तेव्हाही, नंतरही.

गेल्या महिन्यात त्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. टाकी रिकामी ठेवायची तीच रीत, कुणी तरुण मुलगी समजावून सांगत होती. खाली सदाचा मेसेज:

"म्हणजे मी बरोबर होतंय मां? मगे चुकलंय खंय रे?"

मी नमस्काराचा इमोजी पाठवला.

सदा, सावकाश जा रे. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मासा मी सोडला होता.

हे त्याच्या मुलांनी वाचावं म्हणून इथे लिहिलं. ती आता माझ्याशी बोलणार नाहीत, याची मला भीती वाटते.