आज कोण राहिलं?

आमच्यात शपथ घेत नाहीत, नाहीतर मी शपथेवर सांगितलं असतं की हिच्या मामांनी दगडाला जरी हाताशी धरलं असतं, तरी तीन महिन्यांत त्याने रविवारची उपासना चालवली असती. त्यांनी ती मला चालवायला लावली, यावरून काय ते समजा. मी ठाण्याच्या एका कचेरीत कारकून. साहेबाकडे रजा मागायची तर आदल्या दिवसापासून माझ्या तोंडाला कोरड पडायची.

स्वातंत्र्य आलं, दोन-तीन वर्षांत आमचे मिशनरी साहेब मायदेशी गेले आणि कल्याणचं आमचं तीस घरांचं चर्च पोरकं झालं. नवा पाळक मिळेना. आता दाराला कुलूप लागणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मामा लोकोशेडमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आवाज इंजिनासारखा, बायबल तोंडपाठ. सगळे म्हणाले, तुम्हीच चालवा. मामा म्हणाले, "मी चालवलं तर माझ्याबरोबर संपेल," आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले ते कायमचे.

तिथून त्यांनी माणसं घडवली. जो तक्रार करील त्याच्या गळ्यात ते काम. एक विधवा बाई चिडून म्हणाल्या, "अहो मामा, उपासनेत पोरं किती कलकलाट करतात, कोणी बघतं का?" मामांनी उठून हात जोडले. "तुम्हाला दिसलं ना? मग ते तुमचंच." महिन्याभरात बाईंचा मुलांचा वर्ग सुरू. पेटी बेसूर आहे म्हणणाऱ्याला पेटी मिळाली. मी आपला, उपदेश फार लांबतो, एवढंच पुटपुटलो होतो. पुढच्या रविवारी मामांनी मला समोर उभं केलं. मी तीन वाक्यं बोलून खाली बसलो. मामा म्हणाले, "तीन बोललात, तिन्ही खरी. पुढल्या वेळी चार बोला."

उपासनेनंतर चहाला ते आम्हाला एकच प्रश्न विचारत, "आज कोण राहिलं?" मग आठवे, की तापाने पडलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी गेलं नाही, दाराशी घुटमळणाऱ्या नव्या जोडप्याला कोणी बसा म्हटलं नाही. चहा तसाच टाकून आम्ही निघायचो. एवढ्याशा प्रश्नावर हा माणूस अख्खं चर्च उभं करतो, हे बघून मी थक्क होत असे, अजूनही होतो.

आमचं बस्तान बसलंसं दिसताच मामा खडवलीला राहायला गेले. तिथे चारच घरं होती, त्यांतून माणसं घडवायची होती. पुढे कापणीच्या सणाला ते पाहुणे म्हणून आले आणि आपल्या बाकावर बसले. सगळं बिनचूक पार पडलं. मी तर चाळीस मिनिटं बोललो. चहाला मी ऐटीत विचारलं, "आज कोण राहिलं?"

"कोणी नाही," सगळे म्हणाले. मामाही म्हणाले.

त्यांना गाडीवर सोडायला मी गेलो. स्टेशनवर त्यांनी रुमाल काढला, तशी खिशातून कागदाची घडी पडली. मी उचलून बघितलं, तर सुरेख अक्षरात पानभर प्रार्थना. "कोणी प्रार्थना करा म्हटलंच तर असावी म्हणून," मामा ओशाळून म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, इथंच करा ना," मी म्हटलं.

गाडीला वेळ होता. त्यांनी टोपी काढली आणि बाकड्यावर बसूनच, कागद न बघता, हळू आवाजात प्रार्थना केली. तीसही घरांची नावं आली. बाईंचं, पेटीवाल्याचं, माझं. स्वतःचं तेवढं राहिलं. ते मी आमेनच्या आधी घातलं.