चार बोटं पांढरी माती

चांगुणाबाई साठीच्या पुढच्या. अमडापुरात धाब्याची घरं होती तोवर त्यांच्याशिवाय कुणाचं धाबं होत नसे. मातीच्या सपाट छतावर पांढरी माती पसरायची, ओलवायची आणि लाकडी चोपण्यानं ठोकायची. एक जागा कमी ठोकली तर पाणी तिथूनच गळतं. चांगुणाबाईंनी केलेलं छत गळल्याचं मी ऐकलं नाही.

स्लॅब आले, ते काम गेलं. मग त्या शाळेजवळच्या खो-खोच्या मैदानाची निगा राखू लागल्या. मुलगी समता तिथे खेळायची. ती जिल्ह्यापर्यंत गेली, आता गावातल्या पोरींना शिकवते. मैदानावर कपडे बदलायला आडोसा नाही. सामना असला की चांगुणाबाई आणि आणखी एक बाई सतरंजी धरून उभ्या राहतात. वीस वर्षं हेच चाललंय.

यंदा समजलं, की राज्य पातळीवरची स्पर्धा भरवणाऱ्या गावाला सरकारी निधी मिळणार आहे. त्यातून मांडव, दिवे, खेळाडूंची सोय होईल आणि मैदानाजवळ पोरींसाठी पक्की खोली, संडासही. गावानं अर्ज केला. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावानंही केला. समिती मैदान पाहणार आणि मगच ठरवणार होती.

"खोली व्हायले पाह्यजे," एवढंच चांगुणाबाई म्हणाल्या.

सरपंच शेषराव मोठे शेतकरी. त्यांनी आपल्या शेतातली काळीभोर माती बारा ट्रॉल्या भरून मैदानावर आणून टाकली. एक रुपया घेतला नाही.

"दादा, हे माती कपाशीची हाय. मैदानाले नाही चालत," चांगुणाबाई म्हणाल्या.

"काऊन नाही चालत? साऱ्या शिवारात अशी माती दाखव मले!"

"तेच त सांगून राह्यली."

शेषराव हसले. पाणी मारलं, रोलर मी फिरवला. बांधकाम खात्याच्या रोलरवर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण आमच्याकडे चांगली माती म्हटलं की काळीच डोळ्यांसमोर येते.

चौथ्या दिवशी उन्हानं मैदान तडकलं. अंगठा जाईल एवढ्या भेगा. समिती यायला पाच दिवस उरले होते.

शेषराव भेगांकडे पाहत उभे राहिले. "आता काय कराव वं, चांगुणाबाई?"

"ट्रॅक्टर आना. अन् तुमीबी या. टोपलं उचलता येते ना?"

"जन्मात नाही उचललं."

"मंग आता शिका."

दोन दिवसांत काळी माती उपसून बाहेर काढली. जुन्या गावठाणात पडक्या भिंतींचे ढिगारे आहेत. तिथली पांढरी माती आणली, चाळली, चार बोटं जाड पसरली आणि ओलवली. चांगुणाबाईंनी पूर्वी धाब्यावर सोबत असलेल्या सात बायका बोलावल्या. आठही जणी एका ओळीत वाकल्या आणि चोपणी एका तालात पडू लागली. पट्टा झाला की चांगुणाबाई त्यावरून अनवाणी चालायच्या. टाच दबली की म्हणायच्या, "हे पुन्हा." मी रोलर फिरवलेल्या पट्ट्यालाही तेच ऐकावं लागलं. बरोबर होतं. शेषरावांच्या हाताला फोड आले, तरी टोपलं त्यांनी सोडलं नाही.

"दादा, टोपलं भरून आना! हे काय परसाद वाटून राह्यले?" त्या सातांतल्या सिंधूताई ओरडल्या. बायकांचा ताल हसण्यानं चुकला. चांगुणाबाईंनी तेवढा भाग परत ठोकून घेतला.

समितीत एक बाई होत्या, जुन्या खेळाडू. त्यांनी चपला काढल्या, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावल्या, मध्येच एकदम वळल्या. पाय जागेवर थांबला. त्यांनी माती बोटांनी दाबून पाहिली.

"कुणी केलं हे?"

"केलं चांगुणाबाईनं," शेषराव म्हणाले. "पह्यले बिघडवलं म्या."

आठ दिवसांनी पत्र आलं. स्पर्धा अमडापूरला, निधी मंजूर, खोलीही मंजूर. समतानं पत्र मैदानावर मोठ्यानं वाचलं. खोलीच्या ओळीवर चांगुणाबाई म्हणाल्या, "हे पुन्हा." तिनं पुन्हा वाचलं.

मग सिंधूताईंनी पदर खोचला आणि त्या मैदानात खो-खोच्या पाटीवर उकिडव्या जाऊन बसल्या. त्यांच्यामागे बाकीच्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पाठलागाला चांगुणाबाई उभ्या राहिल्या.

"पयनार कोन?"

"सरपंच!"

शेषरावांनी धोतर आवरलं. समतानं शिट्टी मारली. दोन खो झाले, तिसऱ्याला सिंधूताईंनी त्यांना पाठीत धपाटा घालून बाद केलं. पोरी टाळ्या पिटत होत्या.

"पाय घसरला माहा!" शेषराव म्हणाले.

चांगुणाबाई थांबल्या. "घसरला? या मैदानावर? कुठी घसरला, जागा दाखवा."

शेषराव वाकून वाकून पाहत राहिले. जागा काही सापडली नाही.