अरबाबच्या टाकीतलं शेवाळ

लंडनहून परत आल्यावर माझ्या अरबाबला, म्हणजे मालकाला, समुद्राचं वेड लागलं. बहारीनमध्ये समुद्र चहूबाजूंनी होताच, पण त्याला तो दुकानात हवा होता. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मनामात त्याचं फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं शोरूम होतं, आणि मी तिथे स्टोअरकीपर होतो. एके सकाळी फ्रिजच्या रांगेपुढे पलंगाएवढी काचेची टाकी येऊन बसली. आत खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि पिवळे-निळे मासे.

"तुम कोकन का आदमी," अरबाब मला म्हणाला. "समुंदर तुमको मालूम. ये तुम देखेगा."

माझं गाव संगमेश्वराच्या डोंगरात. समुद्र मी पहिल्यांदा नीट पाहिला तो विमानातून. पण व्हिसा अरबाबच्या हातात होता, म्हणून मी इंशाल्ला म्हणालो आणि बाही वर केली.

पहिला महिना मजेत गेला. मग काचेवर तपकिरी साय धरली, आणि तिच्यामागून हिरवं शेवाळ आलं, केसासारखं लांब. मी रोज ब्रशने घासायचो आणि ते रोज परत यायचं. गिऱ्हाईक फ्रिज बघायला यायचं आणि मला टाकीत खांद्यापर्यंत हात घातलेला बघून बिचकून सेल्समनकडे जायचं.

नईम मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "विहिरीत शेवाळ येतं, तसं टाकीत येणारच. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

पण पुढचं बघून तीही रडली असती. प्रवाळावर लालसर, शेंबडासारखा थर चढला. त्यावर बुडबुडे, आणि वास असा की एसीसुद्धा नाक मुरडत असावा. तो थर चादरीसारखा सोलून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरलेला असायचा.

अरबाबने लंडनहून मासे पाळणाऱ्यांचं एक इंग्रजी मासिक आणलं होतं. ते घेऊन मी नईममधल्या आमच्या शेजाऱ्यांकडे गेलो. ते रायगडातल्या म्हसळ्याचे, फार्मसीत कामाला. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"हे शेवाळ नायच," ते म्हणाले. "हे जंतू हायत. जंतूंवर गोळी असते. पेशंट केवढा हाय?"

"पलंगाएवढा."

"म्हणजे मोठा माणूस." त्यांनी विचार केला. "जेवणानंतर द्यायची."

मी गोळ्या कुटून पाण्यात टाकल्या. दोन-तीन दिवसांत लाल थर साफ गेला. अरबाबने मला छातीशी धरलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "ये मेरा मछली का डॉक्टर."

डॉक्टरकी आठवडाभर टिकली. मग पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी पळत चाचांकडे गेलो.

"आता चांगले जंतूपण मेले असतील," चाचा शांतपणे म्हणाले. "मासळीची घाण खाणारे तेच. पाणी बदल."

अरबाबचा पिकअप आणि रिकामी पिंपं घेऊन मी आणि ड्रायव्हर अरादच्या किनाऱ्यावर गेलो. गुडघाभर पाण्यात उभे राहून आम्ही बादल्यांनी पिंपं भरत होतो, तेवढ्यात एक पोलीस आला. पिंपांत काय आहे, त्याने विचारलं.

"समुद्र," मी म्हणालो.

"कुठे नेताय?"

"फ्रिजच्या दुकानात."

त्याने बोट बुडवून चाखलं, आणि तो थुंकला. मग म्हणाला, "यल्ला, जा." आम्ही वळेपर्यंत तो हसत होता.

मासे वाचले. पण थोड्या दिवसांत पुन्हा हिरवं, आणि हिरव्यामागे पुन्हा लाल. माझी झोप उडाली.

एका गुरुवारी संध्याकाळी आम्हाला बाजारात जायचं होतं, म्हणून बायको शोरूममध्ये येऊन टाकीसमोर स्टुलावर बसली. मी गोदामाला कुलूप लावून आलो, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो, तुमचे मासे आजारी नाहीत. लग्नाला आलेत."

"म्हणजे?"

"मी बसल्यापासून बघतेय. आधी तो चहावाला आला, त्याने खुबूसची रोटी चुरून टाकली. मग चष्मेवाले हिशेबनीस आले, इकडेतिकडे बघून डब्यातलं खाणं टाकून गेले. आणि आत्ता तुमच्या अरबाबने खजूर टाकला. प्रत्येकाला वाटतं, मासे उपाशी आहेत आणि दया फक्त आपल्यालाच येते. सगळं खाली कुजतंय. शेवाळाला खत आणखी वेगळं काय घालायचं?"

मी आत वाकून पाहिलं. दगडाच्या फटीत खजुराच्या बिया होत्या. इतके दिवस मला ते शंख वाटत होते.

शनिवारी मी सगळ्यांसमोर टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. दिवसाला एक चिमूट, तीही मी घालणार. हिशेबनीस माझ्याशी बोलेनासा झाला. चहावाल्याने माझ्या चहातली साखर कमी केली. पण लाल थर विरला, आणि हिरवे केस आखूड होत होत मागच्या कोपऱ्यापुरते उरले.

अरबाबचं मात्र कठीण झालं. तो रोज दुपारी टाकीसमोर उभा राहायचा. मासे त्याला बघून काचेपाशी गोळा व्हायचे.

"एक दाना?" तो हळूच विचारायचा.

"मफी, अरबाब. नहीं मिलेगा."

"मछली मांगता है."

"मछली का पेट भरा है, अरबाब."

"मछली बोला?"

"हां. सुबह बोला."

तो थोडा वेळ माशांकडे बघायचा, मान हलवायचा, आणि खिशातला खजूर स्वतः खात केबिनमध्ये जायचा.