उष्टी हळद आणि मूठभर सोडा

मी तीस वर्षं हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं आणि एका लोणच्याच्या डब्यात नापास झालो.

भाच्याचं लग्न होतं. कळंब्यात नवरदेवाला हळद लावायची आणि त्यातलीच उरलेली उष्टी हळद मंगळवार पेठेत नवरीकडं पोचवायची, मगच तिला हळद लागणार, अशी रीत. पोचवायचा मान मामाचा, म्हणजे माझा! नवरी प्राजक्ता माझीच विद्यार्थिनी. (वर्गात फार प्रश्न विचारायची. एकदा वैतागून मी तिला तासभर बाहेर उभं केलं होतं. स्थळ सुचवताना मात्र ही गोष्ट मी गिळून टाकली.)

बहिणीनं स्टीलचा डबा दिला. उघडतोय तर आत लोणच्याच्या तेलाचा वास!

"अगं, ह्यात हळद न्यायची? लोक काय म्हणतील?"

"दादा, मी धुती की. तू बस गप."

"तुझ्या धुण्यानं काय हुतंय? तेलाला सोडाच लागतो. शास्त्र हाय ते!"

मूठभर धुण्याचा सोडा डब्यात टाकला, चमचाभर पाणी घातलं, खसाखसा घासलं आणि नळ सोडला. नळ कोरडा ठणठणीत! पाहुण्यांच्या अंघोळींनी टाकी संपवलेली. मग काय, डबा फडक्यानं पुसला (वरवर), हळद भरली, झाकण दाबलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकून सुटलो. ढवळायचं उरलेलं काम रस्त्यातल्या खड्ड्यांनी केलं.

मंगळवार पेठेत मांडव बायकांनी गच्च भरला होता. मी रुबाबात डबा पुढं केला. नवरीच्या आत्याबाईंनी झाकण काढलं आणि अशा किंचाळल्या की वाजंत्री थांबली.

"आई अंबाबाई! रगात!"

मी वाकून बघितलं. आत हळद नव्हतीच! लालभडक, ओला, गुठळ्या गुठळ्यांचा लगदा होता.

"अवं मास्तर, ह्ये काय आणलंसा?" नवरीच्या वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हळद... हळदच व्हती हो!"

"व्हती म्हंजे? मग वाटंत कुटं गेली?"

दोघीतिघींनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आत्याबाई गरजल्या, "अपशकुन हाय ह्यो! उद्याचं लगीन थांबवा!" वडील मटकन खुर्चीत बसले. एवढ्यात मांडवात एक आवाज घुमला, "कुणीतरी करणी केलीया!"

तो आवाज माझा होता. (शास्त्राचा मास्तर! लिहितानाही लाज वाटतीय.)

तेवढ्यात हिरवा चुडा सावरत प्राजक्ता उठली. डब्यात डोकावली.

"सर, डबा कशानं धुतलाय?"

"सोड्यानं."

"नंतर इसळला?"

मी मांडवाच्या झालरी मोजू लागलो.

"आत्या, चार लिंबं द्या बघू."

पहिलं लिंबू पिळलं आणि डब्यातून फसफस फेस वर आला! आत्याबाई ओरडत थेट तुळशीमागं. मीही दोन पावलं मागं सरलो, खोटं कशाला बोलू? दुसरं लिंबू, तिसरं, चौथं... फेस बसला आणि खाली हळद पिवळीधम्मक!

"काय न्हाय हो बाबा," ती वडिलांना म्हणाली, "सोडा आम्लारी असतो, त्यात हळद लाल हुती. लिंबाच्या आम्लानं परत पिवळी." मग माझ्याकडं वळली. "सर, तुम्ही वर्गात हळद लाल करून दाखवलीसा, तवा मी इचारलं हुतं, परत पिवळी करता येती काय? त्यावरनंच तुम्ही मला भाईर काढलंसा."

मांडव असा हसला की वाजंत्री परत सुरू झाली.

लग्न थाटात झालं. आता आमच्याकडं कुणाचीही हळद असली की प्राजक्ता स्वतः दाराबाहेर खुर्ची आणून ठेवते आणि गोड आवाजात म्हणते, "सर, तुम्ही भाईर."

मोठ्या मनाची पोरगी! मी तिला उभं केलं होतं. ती मला निदान बसायला तरी देते.