वंदनाच्या ओळी खोडताना

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिलाच मेसेज लिहीत होते, आणि तोही भांडणाचा. आदल्या दिवशी तिनं माझं एक काम परत पाठवलं होतं, त्यावर चांगलं खरमरीत उत्तर जुळवत बसले होते. फोनवर तिचा नवरा अविनाश. "ताई, वंदना गेली... सकाळी उठलीच नाही," एवढंच बोलला. त्याला आता काही आठवडे झाले, पण माझा राग अजून उतरलेला नाही. भांडण अर्धं टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती.

आम्ही दोघी चौबे कॉलनीत वाढलो, एकाच कॉलेजात इंजिनियर झालो. पुढे शंकर नगरात दोन खोल्या घेऊन सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. राइस मिलमध्ये धानाचा ट्रक आल्यापासून तांदूळ बाहेर पडेपर्यंतची सगळी नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. वंदना कोड लिहायची. मी मिलवाल्यांशी बोलायचे, आणि आमच्याच प्रोग्रामर मुलांसाठी माहिती लिहून ठेवायचे... कोडचा कुठला भाग काय करतो, का करतो, कुठे हात लावायचा नाही. त्यासाठी मी एक वेगळी वेबसाइट केली होती. आकृत्या, अनुक्रमणिका, सगळं कसं देखणं! मला तिचा कोण अभिमान, आणि वंदनाच्या ती डोळ्यांत खुपायची.

धान खरेदीच्या ऐन हंगामात ठिणगी पडली. एका नव्या प्रोग्रामरनं माझं पान वाचून त्याबरहुकूम दुरुस्ती केली. पान जुनं होतं. कोड केव्हाच बदलला होता, आणि पान बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मिलच्या फाटकाशी ट्रक खोळंबले आणि मालकाची बोलणी मी खाल्ली. ऑफिसात आले तर वंदना वाटच पाहत होती.

"कोड इकडे बदलून राहिला, माहिती तिकडे झोपून राहिली. तुह्या वेबसाइटवर कोनी जात नाही, हे तुले काहून समजत नाही?"

"मंग कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?"

"कोडच्या बाजूले, त्याच फोल्डरात. मीठ ओट्यावर पाहिजे. माळ्यावर ठेवलं त भाजी अळणीच होते."

त्यानंतर तिनं नियमच केला. कोड बदलला की शेजारच्या फाइलमधली माहितीही त्याच वेळी बदलायची, नाही तर काम परत. मुलं तिची नक्कल करायची, मी महिनाभर धुसफुसत राहिले, पण ती बधली नाही. तिचं स्वतःचं लिखाण मात्र वाचण्यासारखं असायचं. आमचं शहर हिंदी मुलखातलं, ऑफिसची भाषा हिंदी, म्हणून हिंदीत, पण अगदी बोलल्यासारखं. धानाची ओल मोजल्याशिवाय ट्रकची नोंद पुढे जात नाही, हे सांगून तिनं खाली लिहिलं होतं, "ट्रकवाले नाराज़ होंगे। होने दीजिए।" ते वाचलं की ती समोर बसून बोलतेय असं वाटतं.

म्हणूनच असेल, शोकसभेत मी कुणाला न विचारता जाहीर करून टाकलं, की वंदनानं लिहिलेलं सगळं त्या फोल्डरांमधून उचलून एका वेगळ्या वेबसाइटवर ठेवू, तिच्या फोटोसकट, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. लोकांचे डोळे भरून आले. माझेही.

गेल्या आठवड्यात नेहानं, आमच्याकडच्या प्रोग्रामर मुलीनं, एक काम तपासायला पाठवलं. मिलमध्ये नवं यंत्र आलंय, आता ट्रकची नोंद आधी होते आणि ओलीचा आकडा मागाहून भरला जातो. कोड चोख होता. शेजारच्या फाइलमध्ये मात्र वंदनाच्या ओळी जशाच्या तशा.

"हे काहून नाही बदललं गं?"

नेहाला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच येतं. "मैम, वो दीदी का लिखा है... हाथ नहीं उठा।"

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. उद्या कुणी नवा माणूस त्या ओळी वाचेल, त्या खऱ्या मानून कोडला हात घालेल, आणि ट्रक पुन्हा खोळंबतील, तेही वंदनाच्या शब्दांवर विश्वास ठेवल्यामुळे. आणि मी तर तिची प्रत्येक ओळ अशीच गोठवून ठेवायला निघाले होते. जे तिनं आयुष्यभर कुणाला करू दिलं नाही, तेच तिच्या आठवणीच्या नावाखाली!

"राहू दे, मी करते," म्हटलं. त्या ओळी मी खोडल्या, आणि हमसून हमसून रडले. मग माझ्या कोरड्या हिंदीत नव्या लिहिल्या. फोटोची वेबसाइट होणार नाही, हे अविनाशलाही कळवून टाकलं.

कुठल्याही ओळीला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव आमच्याकडे त्या ओळीसमोर दिसतं. त्या फाइलमध्ये वरपासून खालपर्यंत वंदनाचं नाव आहे, मध्ये आता थोडं माझं. जसजसं काम बदलेल तसतशी इतरांची नावं येत जातील. ज्या दिवशी तिचं नाव एकाही ओळीसमोर उरणार नाही, त्या दिवशी सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे चाललंय असं समजायचं. तो दिवस लवकर यायला मला नको आहे.