सायकलची चड्डी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर म्हणू नका की बाई, चहाला बोलावलंस आणि तोंड कडू करून पाठवलंस. मी माझी चांगली नोकरी घालवली. कोणी काढून घेतली नाही, मीच घालवली. आणि कशापायी? एका चड्डीपायी!

हो, चड्डी. बघा, किती सहज लिहिला हा शब्द! हाच तेव्हा तोंडातून बाहेर पडला असता तर आज मी तुमच्यापुढं हे रडगाणं गात बसले नसते.

तशी मी बोलण्यात कच्ची नाही हं. परभणीला कॉलेजात असताना ‘बाईचं शरीर आणि समाजाची लाज’ या विषयावर असं काही बोलले होते की परीक्षकांनी माना खाली घातल्या. पहिला नंबर आला. तो कप अजून आमच्या घरात टीव्हीशेजारी आहे. आत्या त्यात काडेपेटी ठेवते.

ही आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. आमच्या घरात निर्णय हे दोघं घेतात. आईचं काम तो निर्णय मला कळवायचं, आणि माझं काम तो ऐकून भांडायचं. आमच्या मोठ्या माणसांचा एक गुण सांगते. ती काही विचारत नाहीत. विचारलं की समोरचा उत्तर देतो, आणि उत्तर दिलं की ऐकावं लागतं. एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा सरळ ठरवून टाकलेलं बरं!

तर एम.एस्सी. झाल्यावर मला जिंतूरला माती तपासायच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी लागली. शेतकरी पिशवीत माती आणतात, आम्ही तिच्यात काय आहे, काय नाही ते सांगतो. मला मनापासून आवडायचं ते काम. अडचण एकच होती, एसटी. आमच्या गावची एक बस पहाटे, दुसरी दुपारी. ज्याला काही काम नाही अशा माणसासाठीच जणू त्या वेळा ठरवल्यात.

मी म्हणाले, स्कूटी घेऊन द्या. अण्णा म्हणाले, “आज स्कूटी, उद्या म्हणशील इमान पाह्यजे.”

मग मी मैत्रिणीची जुनी गिअरची सायकल आणली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अट घातली. “पेरणीपर्यंत एक दिवस खाडा न करता जाऊन दाखव. मग स्कूटीचं बघू. खाडा झाला की नोकरी बंद. आन् मग मी आणीन त्या पाव्हण्यापुढं गुमान पोहे घिऊन यायचं.”

“कबूल!” मी म्हणाले. पाय धडधाकट, डोकं गरम. काय अवघड होतं?

पाय खरंच काही बोलले नाहीत हो. बोलली ती दुसरीच जागा.

आमचा रस्ता तुम्ही बघितला नाही. डांबर कमी, खड्डे जास्त. चार दिवसांत माझी अशी दशा झाली की प्रयोगशाळेत मी उभ्यानं काम करायचे, डबा उभ्यानं खायचे आणि घरी आल्यावर पालथी पडून मोबाइल बघायचे. मोबाइलमध्येच कळलं की या दुखण्यावर उपाय आहे. सायकल चालवणाऱ्यांची खास चड्डी मिळते, बसायच्या जागी आतून मऊ गादी शिवलेली. मला रडायला आलं. जगात कोणीतरी माझा विचार केला होता!

पण ऑनलाइन मागवायची कशी? गावात पार्सल आलं की ज्याचं आहे त्याच्या आधी चार जण ते चाचपून बघतात. म्हणून मी जिंतूरला शिवप्पांच्या दुकानात गेले. शिवप्पा अण्णांचे जुने दोस्त. कपडे, टॉवेल, खेळाचं सामान, सगळं ठेवतात. दुकानात तेव्हा टॉवेल निवडणारे दोन शेतकरी आणि माझे शाळेतले गणिताचे गुरुजी होते. माझं नशीबच तसलं.

“शरणार्थ, अप्पा,” मी नमस्कार केला.

“शरणार्थ, शरणार्थ. ये माय. काय पाह्यजे?”

“सायकलचं… ते सायकल चालवताना घालतात ते आहे का?”

“हेल्मेट?”

“नाही. खाली.”

“बूट?”

“जरा वर.”

अप्पांनी चष्मा वर सरकवला. शेतकऱ्यांनी टॉवेल खाली ठेवले. गुरुजी माझ्याकडं असे बघत होते, जसं काही मी फळ्यापुढं उभी आहे आणि गणित अडलंय.

आता सांगा, सोपं नव्हतं का? ‘सायकलची गादीवाली चड्डी दाखवा.’ संपलं! पण काय झालं कोण जाणे. तो कप, तो पहिला नंबर, सगळं घशात अडकलं. आणि माझ्या तोंडून निघालं, “अप्पा, मला बसायला त्रास होतो.”

अप्पांचा चेहरा एकदम गंभीर झाला. आवाज खाली आला.

“कवापासून?”

“झाले चार-पाच दिवस.”

“लय दुखतंय?”

“लय.”

“तरी सायकलवर येयलीस?”

“मग काय करू? त्यासाठीच तर आले तुमच्याकडं.”

“माझ्याकडं याचा काय इलाज न्हाई माय. तू घरी जाय. मी अण्णाशी बोलतो.”

मी भडकले. मला वाटलं, चड्डी घ्यायलासुद्धा बापाची परवानगी लागते की काय! म्हणाले, “अण्णांना कशाला मधे घेता? दुखतंय मला, बघते माझं मी!”

“आसं अंगावर काढू नये पोरी,” अप्पा कळवळून म्हणाले. “माझ्या मेव्हण्यानं काढलं. शेवटी कापावं लागलं.”

काय कापावं लागलं, हे मी विचारायला हवं होतं. पण मीही याच घरातली ना! मीही विचारलं नाही. पाय आपटत निघून आले.

दुसऱ्या दिवशी ताटात सुरणाची भाजी. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरण. आमटीतली मिरची गेली. शेंगदाण्याची चटणी माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर गेली. रोज सकाळी आत्या ताकाचा तांब्या घेऊन माझ्या उशाशी उभी.

“हे काय चाललंय, आत्या?”

“उन्हाळा हाय. पी गप.”

मग एके संध्याकाळी तिनं एक चुंबळ आणून माझ्यापुढं टाकली. चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ते कापडाचं गोल कडं. म्हणाली, “हिच्यावर बसत जाय. मधी पोकळ हाय.” मला वाटलं, माझे हाल बघून आत्याला दया आली. मी ती चुंबळ सायकलच्या सीटवर बांधली. गावाच्या वेशीपर्यंत टिकली. मग सरकली, आणि तिच्याबरोबर मीही. सोलायचा राहिलेला भागही सोलून निघाला.

शेवटी मी ऑनलाइनच मागवली, प्रयोगशाळेच्या पत्त्यावर. आणि निवड कशी केली म्हणता? शिकलेल्या माणसासारखी! जितकी गादी जाड तितका आराम, म्हणून सगळ्यात जाड गादीची घेतली. अंगाला चिकटणारं नको, बरं दिसत नाही, म्हणून दोन मापं मोठी घेतली. सगळ्यात स्वस्त तीच होती, त्यामुळं तर माझ्या हुशारीवर शिक्काच बसला. वापरायच्या सूचना? त्या वाचल्या नाहीत. चड्डी घालायला काय सूचना वाचायच्या?

ती घातली नेहमीच्या चड्डीवरून, आणि तिच्यावर सलवार. आता सांगायला हरकत नाही, या चड्डीच्या आत काही घालायचंच नसतं. आतल्या चड्डीची शिवण मधे आली की ती करवतीसारखी चालते. वर ती ढगळ गादी, घामानं भिजून गोळा झालेली. जिंतूरला पोचले तेव्हा मी सरळ चालू शकत नव्हते. दोन पायांच्या मधून एखादं कोकरू पळून गेलं असतं, इतकी फाकून चालत होते.

तशीच संध्याकाळी गावातून घरी आले. ओसरीवरून अण्णांनी मला येताना बघितलं. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. नुसते आत गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हे लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मालकांनी, मला बोलावलं. भला माणूस. समोर मातीच्या पिशव्या घेऊन दोन शेतकरी बसले होते.

“महानंदा, तुमचे वडील येऊन गेले. मला आधी सांगायचं ना. असल्या आजारात सायकल म्हणजे विषच.”

“कसला आजार, सर?”

“लाजू नका. मूळव्याध काय, कुणालाही होते.”

माझ्या कानांत वाफ भरली. सुरण, ताक, चुंबळ, अप्पांचा मेव्हणा, सगळे एका ओळीत उभे राहिले.

“सर, मला मूळव्याध नाही!”

“मग अशा चालता का? दिवसभर उभ्या का असता? खुर्ची दिली तरी बसत नाही.”

एक शब्द. फक्त एक शब्द सांगायचा होता. सर बघत होते. शेतकरी बघत होते. त्यातला एक मायेनं म्हणाला, “ताई, आमच्या मामाची ताकानंच बरी झाली.”

“सर, ते जरा… सायकलमुळं…”

“तेच म्हणतोय ना मी!”

पेरणीच्या आधी माती तपासायला रीघ लागते. सरांना माणूस हवा होता. अण्णांनीच त्यांना सांगितलं होतं, पोरीच्यानं व्हायचं न्हाई, दुसरं कुणीतरी बघा. सरांनी एका मुलीला शब्दही देऊन टाकला होता. मला म्हणाले, “बऱ्या होऊन या. पुढं जागा निघाली तर बघू.”

जागा निघाली तर! म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं, मलाही कळलं.

घरी आले आणि पिशवीतली ती चड्डी काढून अण्णांच्या पुढ्यात फेकली. आई चुलीपाशी उभी राहिली ती उभीच. आत्यानं ती दोन बोटांत उचलली, आतली गादी दाबून बघितली.

“मला कसलाही आजार नाही!” मी ओरडले. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. “सीटनं सोलून निघाले होते मी! मला चड्डी पाहिजे होती! चड्डी!”

आला बघा शब्द. वेळ टळून गेल्यावर, पण आला.

अण्णांनी आत्याच्या हातातल्या चड्डीकडं बघितलं. मग म्हणाले, “म्या त्या सरांफुडं हात जोडले, नंदे. म्हनलं, नोकरी जाऊ द्या, पर माझ्या पोरीचा आजार कुणाला सांगू नका. उद्या तिला कोण करील.”

मी त्यांना कधी कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं. पण माझा राग अजून उतरायचा होता. “मला एकदा विचारायचं तरी!”

“बापानं पोरीला काय विचारावं?” ते म्हणाले. “तू सांगायचं की.”

“बापाला पोरीनं काय सांगावं?”

हे मी म्हणाले. मीच. शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

आत्यानं चड्डीची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. “आमी आडानी, माय. आमाला लाज वाटती. तुला तर कप मिळालाय.”

यावर बोला काय बोलायचं ते. मी ती घडी घेऊन आत गेले. न भांडता, पहिल्यांदाच.

त्यालाही आता महिने झाले. पेरणी झाली. अण्णांनी अजून पाहुण्यांचं नाव काढलेलं नाही, काढणारही नाहीत इतक्यात. शिवप्पांच्या दुकानातून बातमी जिथं पोचायची तिथं पोचली आहे, आणि मूळव्याध नाही असं दारोदार सांगत फिरायचं तरी कसं?

माझ्या जागी लागलेली अश्विनी पुढच्याच गावची. तिलाही वेळेची बस नाही. इतके दिवस भावाच्या गाडीवर जायची, आता आठवडाभर सायकलनं जाते, आमच्या दारावरून. रोज सकाळी घंटी वाजली की मी आत जाते.

परवा संध्याकाळी ती दारात थांबली. सायकल भिंतीला लावली आणि आत आली. मी ती चाल लगेच ओळखली.

“ताई, एक विचारायचं होतं. म्हणजे, ते…” तिनं ओसरीवर बसलेल्या अण्णांकडं बघितलं आणि गप्प झाली.

“चड्डी पाहिजे तुला,” मी म्हणाले. “बस. नको, उभीच राहा.”

आणि मग मी सगळं सांगितलं, भर ओसरीवर, अण्णा आणि आत्या ऐकत असताना, ठणठणीत आवाजात. फार जाड गादी घेऊ नकोस, घामानं गोळा होते. मध्यम घे, दाबली की परत वर येणारी. बायकांच्या मापाची घे, पुरुषांच्या चड्डीत गादी आपल्याला लागते तिथं नसते. अंगाला घट्ट बसली पाहिजे, ढगळ असली की चुण्या पडतात आणि चुण्या सोलतात. मधे जाड शिवण आहे का, बोट फिरवून बघ. महागडी लागत नाही, पण सगळ्यात स्वस्तही घेऊ नकोस. आत काही घालायचं नाही. काही म्हणजे काही नाही! रोज धुवायची, आणि वर सलवार घाल नाहीतर काही घाल, कुणाच्या बापाला कळत नाही.

कोणी खाकरलं नाही. आत्या तर मान हलवत होती.

अश्विनीचा चेहरा उजळला. जाताना सायकलवर हात ठेवून म्हणाली, “ताई, तुम्हाला किती माहितीय! आणि किती बिनधास्त बोलता! मग तुम्ही का सोडली हो नोकरी?”

अण्णांनी मान वर केली. आत्याची हलती मान थांबली. सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, “मला बसायला त्रास होतो.”